लेहरा धरणारी यंत्रे

फेब्रुवारी १९८२ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलेले गाणे तेव्हा जवळजवळ चार वर्षे जुने होते. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या चौकडीने ‘द मॉडेल’ १९७८ च्या ‘द मॅन-मशीन’ या अल्बममध्ये घातले होते. १९८१ मध्ये ते ‘कॉम्प्युटर लव्ह’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला छापले गेले आणि रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवून मागचीच बाजू वाजवायला सुरुवात केली. गाणे म्हणून ते नेटके आहे. कडवी आहेत, सहज गुणगुणता येईल अशी चाल आहे, एका फॅशन मॉडेलचे थोडे कौतुकाने आणि थोडे तिरकसपणे काढलेले चित्र आहे. १९८२ मध्येच अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कमध्ये, आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांची ‘प्लॅनेट रॉक’ ही तबकडी निघाली. क्राफ्टवेर्क ऐकलेल्या माणसाचे कान ती लागताच टवकारतात, कारण तिच्यातली वरची सुरावट ‘ट्रान्स-यूरोप एक्सप्रेस’ची आहे आणि खालचा ठेका ‘नंबर्स’चा. ‘नंबर्स’ हे काही कोणाच्या ओठांवरचे गाणे नव्हते. वेगवेगळ्या भाषांत आकडे मोजणारे आवाज आणि त्यांच्याखाली एक कोरडा, तुटक, तिरपा ठेका, एवढाच त्याचा ऐवज. चाल जवळजवळ नाहीच. तरीही पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या नृत्यसंगीताची वंशावळ मांडायला बसले तर ‘द मॉडेल’चे वारस शोधावे लागतात आणि ‘नंबर्स’चे मोजून संपत नाहीत. दुकानांत खपले ते एक आणि नाचणाऱ्यांनी उचलले ते दुसरेच. असे का झाले, हा पुढच्या सगळ्या पानांमागचा प्रश्न आहे. त्याचे मला पटलेले उत्तर या प्रस्तावनेत मांडतो.

क्राफ्टवेर्क म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये गट उभा केला तेव्हा त्यांच्यापुढची अडचण त्यांच्या पिढीच्या बहुतेक जर्मन कलावंतांची होती. महायुद्धानंतर वाढलेल्या या मुलांच्या कानांवर एकतर ब्रिटिश-अमेरिकी रॉक येत होते, नाहीतर ‘श्लागर’ नावाची गुळगुळीत जर्मन करमणूकगीते. पहिले परके, दुसरे नकोसे. आणि वडीलधाऱ्यांच्या पिढीकडून काही घ्यावे तर त्यावर नात्सी काळाची सावली. जवळच कोलोनच्या रेडिओ केंद्रात १९५० च्या दशकापासून कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन आदी मंडळी इलेक्ट्रॉनिक ध्वनींवर काम करत होती, पण ते प्रयोगशाळेतले संगीत होते, त्यावर पाय हलण्याचा प्रश्नच नव्हता. श्नायडर बासरी वाजवत, ह्युटर ऑर्गन. त्यांच्या पहिल्या तीन अल्बममध्ये चाचपडणे बरेच आहे आणि गटाने पुढे ते आपल्या खात्यातून जणू वजाच करून टाकले. (हे जरा जास्तच कठोर झाले, त्यांतली काही मिनिटे आजही ऐकण्यासारखी आहेत.) याच काळात क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर थोडे दिवस गटात होते, बाहेर पडून त्यांनी ‘नॉय!’ हा गट काढला आणि कुठेही न वळता सरळ धावत राहणारा ड्रमचा ठेका रूढ केला. मग १९७४ मध्ये, ध्वनिअभियंता कॉनी प्लांक यांच्या साथीने, ‘आउटोबान’ आले. तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी २२ मिनिटांहून मोठी रचना, विषय महामार्गावरून मोटार चालवणे. तिची कापून लहान केलेली आवृत्ती १९७५ मध्ये अमेरिकेच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेली. हा काही मोठा पराक्रम नव्हे. पण त्यामुळे या चमत्कारिक नावाच्या गटाच्या तबकड्या एका बड्या अमेरिकी कंपनीमार्फत तिथल्या गल्लीबोळांतल्या दुकानांपर्यंत जाऊ लागल्या, आणि पुढची सगळी हकिकत या एका व्यापारी योगायोगावर उभी आहे. वोल्फगांग फ्लूर १९७३ मध्ये आणि कार्ल बार्टोस १९७५ मध्ये आले. चौकडी पुरी झाली.

यांच्या प्रभावाचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की त्यांनी यंत्रे आणली आणि यंत्रांबरोबर भविष्य आले. हे कारण ऐकायला चांगले वाटते, पण तारखांपुढे टिकत नाही. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्येच मूग सिंथेसायझरवर बाख वाजवून लाखो श्रोते मिळवले होते. स्लाय स्टोन यांच्या १९७१ च्या अल्बममध्ये ठेका धरायला तालपेटी आहे. १९७२ मध्ये टिमी थॉमस यांनी ऑर्गन आणि त्याच्या पोटातली ठेक्याची पेटी एवढ्यावर एक गाजलेले गाणे उभे केले. स्टीव्ही वंडर तर त्या दशकाच्या सुरुवातीपासून खोलीभर पसरलेल्या सिंथेसायझरवर रचना करत होते. यंत्र वापरणे हीच किल्ली असती तर कुलूप आधीच उघडले असते. तेव्हा यंत्रे कोणती होती यापेक्षा त्यांना काम कोणते दिले होते, ते पाहायला हवे.

ते काम समजायला मराठी श्रोत्याला परदेशी परिभाषेची गरज नाही. तबल्याचा एकल कार्यक्रम ज्याने ऐकला आहे त्याला लेहरा माहीत असतो. पेटीवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची लहानशी सुरावट घेतो आणि तासभर तीच वाजवत राहतो. त्याने त्यात हरकती घेऊ नयेत, लय पुढे ढकलू नये, स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ नये. सम कुठे आहे ते प्रत्येक फेरीत तितक्याच स्पष्टपणे दाखवावे आणि मधली जागा मोकळी सोडावी. कायदे, रेले, तिहाया या सगळ्यांचा संसार त्या मोकळ्या जागेत मांडला जातो. लेहरा धरणाऱ्याची बोटे सामान्य असली तरी चालतात. त्याचा संयम मात्र असामान्य लागतो. मला म्हणायचे आहे ते हे, की १९७७ ते १९८१ या काळातल्या क्राफ्टवेर्कच्या तबकड्यांनी नाचणाऱ्यांसाठी आणि तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी लेहऱ्याचे काम केले. त्यांचा प्रभाव त्यांनी भरलेल्या जागेपेक्षा त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत अधिक आहे.

‘ट्रान्स-यूरोप एक्सप्रेस’ घ्या. मार्च १९७७. शीर्षकगीत संपते तिथून ‘मेटल ऑन मेटल’ सुरू होते आणि तेही पुढच्या तुकड्यात मिसळते. मिळून तेरा मिनिटांहून अधिक काळ एकच आगगाडी धावत राहते. रॉकच्या हिशेबाने या तेरा मिनिटांत काहीच घडत नाही. गिटारचा एकल तुकडा नाही, आवाज चढत नाही, शेवटाकडे घाई नाही. सिंथेसायझरच्या तारवाद्यांसारख्या सुरांची एक चढती ओळ ठरावीक अंतराने येते आणि निघून जाते. प्रत्येक ध्वनी दुसऱ्यापासून इतका सुटा आहे की मधली शांतता ऐकू येते. तिथे क्लिंग क्लांग या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओची मोठी मदत झाली. घड्याळाकडे बघणारा मालक नसल्यामुळे जे नको ते काढून टाकायला त्यांना वेळ होता. स्वरांचा क्रम लक्षात ठेवून तो न चुकता फिरवत राहणारे सिक्वेन्सर नावाचे यंत्र या अल्बमपासून त्यांच्याकडे ठळकपणे आले. सिक्वेन्सर म्हणजे शब्दशः न थकणारा, न कंटाळणारा लेहरेवाला. माणूस वादक रंगात आला की लय नकळत वाढते. आपल्या भजनात तर ती मुद्दाम चढवत नेतात आणि टाळकऱ्यांचे पायही तिच्याबरोबर चढतात. इथे लय चढत नाही. मग चढायचे कोणी? ती जबाबदारी ऐकणाऱ्याच्या शरीरावर येऊन पडते.

यावर एक सरळ आक्षेप येतो: हे सगळे योगायोगाने घडले. ते चौघे म्हणजे सूट-टाय घातलेली, जागच्या जागी उभी राहणारी माणसे. नाचाशी त्यांचा काय संबंध? आक्षेपात अर्धे तथ्य आहे. त्यांनी न्यूयॉर्कच्या नाचघरांसाठी काही रचले नव्हते. पण नाचाचे भान त्यांना मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. ‘ट्रान्स-यूरोप एक्सप्रेस’साठी त्यांनी खऱ्या गाड्यांचे आवाज ऐकले, आणि रुळांचा खरा खडखडाट नाचण्याजोगा नाही असे दिसल्यावर त्यात फेरफार केले, अशी नोंद आहे. म्हणजे वास्तव आणि पाय यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पायांच्या बाजूने कौल दिला. शिवाय त्या काळातला त्यांचा ठेका पुष्कळसा हातांनी वाजवलेला आहे. फ्लूर आणि बार्टोस उभे राहून धातूच्या चकत्यांवर धातूच्या काड्या टेकवत, आणि त्या स्पर्शाने इलेक्ट्रॉनिक आवाज निघे. माणसाने यंत्रासारखे वाजवायचे आणि तरीही मनगट माणसाचेच राहायचे. ‘नंबर्स’च्या ठेक्यातला तिरपेपणा, म्हणजे जिथे आघात अपेक्षित आहे तिथे न येता जरा अलीकडे-पलीकडे येणे, हा हिशेबी गणिताने सुचत नाही. त्यामागे अमेरिकी फंक ऐकलेला कान आहे. या मुद्द्याकडे परत यावे लागेल, कारण सर्वांत गंभीर आक्षेप तिथूनच येतो.

त्याआधी तबकड्या वाजवणाऱ्यांविषयी. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतली ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. १९७० च्या दशकातल्या ब्राँक्समध्ये डीजे म्हणजे दोन फिरत्या थाळ्यांसमोर उभा राहणारा माणूस. कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या डीजेने १९७३ च्या सुमारास ध्यानात घेतले होते, की गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा आला की नाचणारे पेटतात. मग तोच तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायचा. म्हणजे या मंडळींना हवा होता लेहरा, आणि तो त्यांना दुसऱ्यांच्या भरगच्च गाण्यांतून कापून काढावा लागत होता. ‘ट्रान्स-यूरोप एक्सप्रेस’ त्यांच्या हाती लागली तेव्हा ते कष्ट वाचले. ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी पुढे सांगितले, की ही तबकडी कापावी लागत नसे, ती आधीच कापलेली होती. लावायची आणि सोडून द्यायची. कारागिराने कारागिराला दिलेली याहून नेमकी पावती मला तरी आढळलेली नाही. मग १९८२ मध्ये निर्माते आर्थर बेकर आणि कीबोर्डवादक जॉन रोबी यांनी बंबाटांसाठी ती सुरावट नव्याने वाजवून घेतली आणि ‘नंबर्स’चा ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर चढवला. ८०८ चा खालचा ठोका कानांपेक्षा छातीला अधिक लागतो. जर्मन हाडांवर न्यूयॉर्कचे मांस चढले ते या पेटीमुळे. या एका तबकडीतून इलेक्ट्रो नावाचा प्रकार निघाला, त्यातून फ्लोरिडातला मायामी बास, आणि मायामीच्या तबकड्या रिओ द जानेरोच्या वस्त्यांत पोचल्यावर तिथला फंक. ब्राझीलमधल्या त्या नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ड्युसेलडॉर्फचे नाव ऐकले असेल? लेहरेवाल्याचे नाव जाहिरातीत बारीक अक्षरात छापतात, तसेच हे.

डेट्रॉइटची गोष्ट वेगळी आणि अधिक खोल. मोटारींचे शहर, ज्या कारखान्यांनी कृष्णवर्णीय कामगारांना मध्यमवर्गात आणले तेच एकेक करून बंद पडत होते किंवा कमी माणसांत चालू लागले होते. तिथल्या रेडिओवर ‘द इलेक्ट्रिफाइंग मोजो’ हा निवेदक पार्लमेंट हा फंक गट, प्रिन्स आणि क्राफ्टवेर्क एकाच रात्री, कोणतीही भिंत न मानता, वाजवत असे. शहराबाहेरच्या बेलव्हिल गावातले तीन शाळासोबती, ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, त्यावर वाढले. ॲटकिन्स यांनी रिक डेव्हिस यांच्याबरोबर ‘सायबोट्रॉन’ या नावाने १९८१ मध्ये पहिली तबकडी काढली. १९८३ चे ‘क्लिअर’ ऐकले की क्राफ्टवेर्कचे ऋण लपत नाही आणि ते लपवण्याचा प्रयत्नही नाही. डेरिक मे यांनी पुढे या संगीताचे वर्णन करताना म्हटले होते, की पार्लमेंटचे म्होरके जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्ये अडकावेत आणि सोबतीला फक्त एक सिक्वेन्सर असावा, तसे हे आहे. हा विनोद इतका वापरला गेला आहे की गुळगुळीत झाला आहे, पण त्यातला क्लिंटन यांचा पहिला क्रमांक सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाने या प्रकाराला ‘टेक्नो’ हे नाव कायमचे चिकटवले. जर्मनीहून निघालेला ठेका डेट्रॉइटला वळसा घालून, भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनच्या तळघरांत परत आला तेव्हा तिथल्या तरुणांना तो अमेरिकी वाटला.

आता तो गंभीर आक्षेप. ‘युरोपातून चार गोरे आले आणि त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकेला भविष्य शिकवले’ अशी ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगणे म्हणजे खऱ्या निर्मात्यांना पुन्हा एकदा पुसून टाकणे, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे. ती गोष्ट तशी सांगितली गेली आहे आणि तशी सांगणे चूक आहे. स्लाय स्टोन, टिमी थॉमस, स्टीव्ही वंडर यांची नावे वर आलीच आहेत. त्यांत पार्लमेंटचे कीबोर्डवादक बर्नी वॉरेल यांचे नाव जोडा. १९७८ च्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये त्यांनी मिनीमूगवर वाजवलेला खर्ज ऐकला, की सिंथेसायझर नाचवायला कोणी कोणाला शिकवले हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. पण हा आक्षेप लेहऱ्याच्या कल्पनेला बाधत नाही, उलट तीच त्याला सामावून घेते. तबल्याच्या मैफलीचा उस्ताद तबलजी असतो. लेहरेवाल्याशिवाय मैफल होत नाही, आणि तरीही मैफल त्याची नसते. ब्राँक्स आणि डेट्रॉइटच्या मंडळींनी क्राफ्टवेर्क निवडले, त्यात आपल्याला काय हवे ते ओळखले आणि बाकीचे सोडून दिले. ही निवड हीच निर्मिती होती. ‘नंबर्स’मध्ये त्यांना परके असे फार थोडे वाटले असणार, कारण त्या ठेक्याचा तिरपेपणा मुळात त्यांच्याकडचाच होता, तो समुद्रापलीकडे जाऊन, सोललेला आणि वाळवलेला, परत आला होता.

दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आणि म्हणून जास्त अवघड आहे. नृत्यसंगीताला इलेक्ट्रॉनिक वळण दिले ते म्युनिकने, ड्युसेलडॉर्फने नव्हे, असे म्हणणाऱ्यांचा पुरावा १९७७ च्या जुलैचा आहे: जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डॉना समर यांच्यासाठी केलेले ‘आय फील लव्ह’. मूगवर फिरणारा तो खर्जाचा गोफ अख्ख्या गाण्यात थांबत नाही, आणि ती तबकडी क्राफ्टवेर्कच्या कोणत्याही तबकडीपेक्षा कितीतरी अधिक नाचघरांत वाजली. इथे मी अर्धी बाजी सोडून देतो. चौमात्री, प्रत्येक मात्रेवर ठोका देणाऱ्या नाचाच्या बाबतीत, म्हणजे शिकागोच्या ‘हाउस’ संगीताच्या बाबतीत, पारडे मोरोडर यांच्याच बाजूला झुकते. मात्र त्या ठोक्याबद्दल एक गंमत सांगायला हवी: सर्वांत यांत्रिक मानल्या गेलेल्या त्या गाण्यातला खालचा ड्रम कीथ फोर्सी या माणसाने स्वतः वाजवलेला आहे. आणि ‘आय फील लव्ह’ हे अखेर एका गायिकेचे गाणे आहे. तिचा आवाज आला की जागा भरते. ते गाणे आहे तसेच वाजवावे, त्यावर नाचावे, कृतार्थ व्हावे. त्यावर दुसरे काही बांधायचे तर आधी डॉना समर यांना बाजूला करावे लागते, आणि तसे करणारा वेडा म्हणायचा. तुटक ठेक्यांचा जो दुसरा मोठा प्रवाह आहे, इलेक्ट्रो, मायामी, डेट्रॉइटचा आरंभ, त्याचा उगम म्युनिकला नेता येत नाही.

ब्रिटनमधल्या सिंथ-पॉपवर इथे फार रेंगाळत नाही. ह्यूमन लीग, ओएमडी, डेपेश मोड यांनी ‘द मॉडेल’च्या बाजूचा वारसा घेतला, म्हणजे सूट, सरळ उभे राहणे, थंड आवाज, तीन मिनिटांचे गाणे. त्यातून सुंदर गाणी निघाली. दोन्ही वारसे ज्या एका जागी भेटले ते न्यू ऑर्डरचे १९८३ चे ‘ब्लू मंडे’. त्यात ‘युरेनियम’ या क्राफ्टवेर्कच्या रचनेतला गायकवृंदाचा सूर उचललेला आहे आणि खाली न्यूयॉर्कच्या नाचघरांचा धडा आहे.

शोध आणि प्रभाव यांतला फरक दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईचे आहे. १९८१ च्या दौऱ्यात क्राफ्टवेर्क मुंबईतही वाजवून गेले. पुढच्याच वर्षी, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी एक अल्बम केला, ज्याच्या नावातच दहा राग आणि डिस्कोचा ठेका यांची जोडी होती. हाताशी टीआर-८०८, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि रोलँडची टीबी-३०३ ही खर्जाची पेटी. ललित, मधुवंती असे राग त्या पेटीवर घसरत-वळत जातात तेव्हा जो आवाज निघतो तो शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून जगाला ऐकवलेल्या, ‘ॲसिड हाउस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आवाजाचा चुलतभाऊ वाटतो. दोन घटना लागोपाठ आल्या म्हणून एकीचा धागा दुसरीला जोडण्याचा मोह आवरायला हवा. सिंग आपल्या वाटेने, त्या काळच्या सिनेमातल्या डिस्कोच्या वाऱ्यावर तिथे पोचले, असे मानणेच सयुक्तिक आहे. २०१० मध्ये तो अल्बम हॉलंडमधून पुन्हा निघाला तेव्हा ‘ॲसिड हाउस मुंबईत जन्मले’ असे मथळे आले आणि आपल्याकडे छाती फुगली. पण शोध लागला म्हणून प्रभाव पडत नाही. १९८२ च्या मुंबईत त्या तबकडीला घेऊन रात्रभर तिच्यावर काम करणारा डीजे नव्हता, तिची कापाकापी करणारी दुसरी पिढी नव्हती. लेहरा तयार होता, तोही आपल्या रागांचा, आणि त्यावर बोल वाजवायला कोणी बसलेच नव्हते. सिंग यांची प्रतिभा याने उणी होत नाही. क्राफ्टवेर्कच्या कीर्तीतला मोठा वाटा त्यांच्या श्रोत्यांचा आहे, हे मात्र याने सिद्ध होते.

मग श्रोत्यांनी एवढे दिले असता गटाने काय केले? इथे त्यांच्या चाहत्यांना अवघडल्यासारखे होते. १९९७ मध्ये जर्मन निर्माते मोझेस पेल्हाम यांनी सब्रिना झेटलूर यांच्या एका गाण्यासाठी ‘मेटल ऑन मेटल’मधला सुमारे दोन सेकंदांचा ठेका उचलून त्याची अखंड फेरी केली. ह्युटर आणि श्नायडर न्यायालयात गेले. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातून घटना न्यायालयात, तिथून परत, मग लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात असे दोन दशकांहून अधिक काळ फिरत राहिले. घटना न्यायालयाने २०१६ मध्ये कलेच्या स्वातंत्र्याला झुकते माप दिले. युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की अगदी छोटा तुकडाही परवानगीशिवाय घेता येत नाही, पण तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. ‘प्लॅनेट रॉक’च्या मंडळींनाही पूर्वी मोबदला द्यावा लागला होता. ज्यांच्या लेहऱ्यावर जग नाचले त्यांनीच लेहऱ्याचे भाडे मागावे, हे या प्रस्तावनेच्या म्हणण्याविरुद्ध जात नाही काय? मला तसे वाटत नाही. हक्क मागणे हा त्यांचा अधिकार होता. त्यात उदारपणा दिसला नाही, एवढे म्हणता येईल. पण पेल्हाम यांनी काय उचलले ते पाहा. सुरावट नाही, शब्द नाहीत, आवाज नाही. दोन सेकंदांचा ठेका, आणि तोही फेरीत घालण्यासाठी. त्या तबकडीत घेण्याजोगे काय आहे याविषयी ब्राँक्सच्या डीजेपासून फ्रँकफर्टच्या निर्मात्यापर्यंत सगळ्यांचे एकमत होते, आणि न्यायालयाच्या कागदपत्रांनी त्या एकमतावर शिक्का मारला.

गटालाही ते कळले असावे. १९८६ च्या ‘इलेक्ट्रिक कॅफे’च्या मिश्रणासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या नाचघरांत नाव कमावलेल्या फ्रान्स्वा केव्हॉर्कियन यांची मदत घेतली, पण तोवर शिष्य पुढे निघून गेले होते. फ्लूर आणि बार्टोस यथावकाश बाहेर पडले. १९९१ मध्ये ‘द मिक्स’ आला: आपलीच जुनी गाणी, नव्या डिजिटल यंत्रांवर, हाउस आणि टेक्नोचा कान ठेवून पुन्हा केलेली. टीकाकारांना त्यात थकवा ऐकू आला. मला त्यात एक विरळा प्रसंग दिसतो: लेहरेवाला उठून श्रोत्यांत जाऊन बसला आहे आणि आपल्या सुरावटीवर इतरांनी काय वाजवले ते ऐकून तेच पेटीवर काढून पाहतो आहे. जमले नेमके नाही. ठेके भरीव झाले आणि मधल्या जागा बुजल्या.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी काही गोष्टी ऐकून घ्याव्यात. त्या आज सहज मिळतात, आणि शक्य तर लहान मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नयेत, कारण निम्मे संगीत त्याच्या आवाक्याखाली राहते. आधी ‘नंबर्स’, लगेच ‘प्लॅनेट रॉक’, मग ‘क्लिअर’. त्यानंतर मुंबईचा १९८२ चा ललित. शेवटी ‘ट्रान्स-यूरोप एक्सप्रेस’ न थांबता, गाडी ‘मेटल ऑन मेटल’मध्ये शिरेपर्यंत. तिथे धातूवर धातू आपटल्याचा आवाज सुरू होतो. त्यातलेच दोन सेकंद इतकी वर्षे न्यायाधीश पुन्हा पुन्हा ऐकत होते.